विचारा की! : आकाशातलं शोधायला पाताळात कशाला?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेलो की कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, शोधणारी यंत्रं जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर बसवलेली असतात. झालं. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी शास्त्रज्ञ नव्हे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टेक्निशियन म्हणून नोकरी केली आणि त्यातली सात वर्षं कोलारच्या सोन्याच्या खाणीत काढली. सूत्रं विचाराल तर मी गप्प बसेन. खाली उतरल्यावर काय काय होतं, ते विचारा.

अमेरिकेत सोन्याच्या बंद खाणीत डार्क मॅटर शोधताहेत अशी बातमी वाचली. वस्तू आकाशातली आणि शोध जमिनीखाली? आमच्याकडे याला काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात.
– किराणा व्यापारी, बार्शी

म्हण चपखल आहे, पण शेठ, ती तुमच्यावरच उलटते. कळसा खरोखरच काखेत आहे. कृष्णद्रव्य फक्त आकाशात नाही. शास्त्रज्ञांचा हिशेब बरोबर असेल तर ते तुमच्या गल्ल्यात आहे, गुळाच्या ढेपेत आहे, हे पत्र तुम्ही लिहीत होतात तेव्हा तुमच्या मनगटातूनही ते आरपार गेलं.

ते आहे असं म्हणायचं कशावरून, हे थोडक्यात. 1933 साली खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर तो समूह एकत्र राहायलाच नको होता, कधीच पांगायला हवा होता. पुढे सत्तरच्या दशकात व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेत तोच घोळ दिसला: कडेचे तारेही आतल्यांच्या बरोबरीने धावत होते. म्हणजे धरून ठेवणारं वजन आहे, फक्त दिसत नाही. आज विश्वाच्या जमाखर्चात आपलं नेहमीचं द्रव्य 5 टक्के आणि हे कृष्णद्रव्य 27 टक्के धरतात. उरलेली कृष्णऊर्जा, तो वेगळा विषय.

आता जमिनीखाली कशासाठी? तुम्ही किराणावाले, तुम्हाला हे एका वाक्यात कळेल: तांदूळ निवडायला. तुमच्याकडे पोत्यात चार खडे असतात. इथे उलटं आहे, सगळं पोतं खड्यांचं आणि तांदळाचा दाणा असलाच तर एखादा. खडे कुठले? पहिले आभाळातले. विश्वकिरण हवेवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाच्या कणांचा पाऊस पडतो. तळहात उताणा धरा, दर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून जातो. छप्पर, स्लॅब, काही आडवं येत नाही. नाजूक यंत्र जमिनीवर ठेवलं तर या पावसात त्याला दुसरं काही ऐकूच येणार नाही. डोक्यावर दीड किलोमीटर खडक घेतला की म्युऑन लाखांत एखादाच उरतो, त्याहूनही कमीच.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बदली होण्याआधी कुलाब्याला आमच्या टेबलावरचे कण मोजणारे काउंटर दिवसभर टिकटिकत असायचे. तेच काउंटर कोलारच्या चॅम्पियन रीफ खाणीत 2.3 किलोमीटर खाली लावले आणि पहिल्या दिवशी मला वाटलं, कनेक्शन राहिलं. तीनदा केबल तपासली. सगळं ठीक होतं, फक्त येणारं कोणी नव्हतं. आमच्या आधीच्या पिढीने, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, याहून खोल यंत्र नेलं तेव्हा दोन महिन्यांत एकही म्युऑन मिळाला नव्हता. कोणी येत नाही, हाच तिथला शोध होता. इतकी शांतता असेल तर इथे न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडणारा एक कण, तोही पकडता येईल, हे त्यावरूनच सुचलं, आणि 1965 मध्ये तो पकडलाही.

पण आभाळातले खडे गेले की घरातले उरतात. खडकात युरेनियम-थोरियम, त्यातून झिरपणारा रेडॉन वायू, स्टीलमधली अशुद्धी, कामगाराच्या घामातलं पोटॅशियम. साधं केळंसुद्धा किंचित किरणोत्सर्गी असतं, या यंत्रांच्या शेजारी केळं म्हणजे लग्नघरातला लाउडस्पीकर. शिसं आडोशाला लावावं तर नव्या शिशात किरणोत्सर्गी शिसं-210 असतं, त्याचं अर्धायुष्य 22 वर्षं. म्हणून इटलीच्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत न्यूट्रिनोच्या एका प्रयोगासाठी रोमन काळात सार्डिनियाजवळ बुडालेल्या जहाजातलं शिसं वापरलंय. दोन हजार वर्षांत त्यातला किरणोत्सर्ग निवून गेलेला. जुनं ते सोनं म्हणतात, तिथे जुनं ते शिसं.

आमच्या देवघरातही हे डार्क मॅटर असेल का? आणि त्याने काही अपाय?
– गृहिणी, नागपूर

असेल. अपाय काही नाही. पृथ्वीच्या अख्ख्या गोळ्यात एका क्षणी जितकं कृष्णद्रव्य असेल ते सगळं तराजूत टाकलं, तर अर्धा किलोच्या आसपास भरेल. एवढ्या मोठ्या घरात अर्धा किलो! तेही सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटर वेगाने येऊन कशालाही न शिवता निघून जाणारं. त्यापेक्षा उदबत्तीच्या धुराची काळजी करा.

कण दिसत नाही, कशाला अडतही नाही, मग तो टाकीत आला हे कळतं कसं? आणि सगळीकडे झेनॉनच का वापरतात?
– अकरावीतली विद्यार्थिनी, चिपळूण

प्रश्न आवडला. 'कशाला अडत नाही' हे तू जवळजवळ बरोबर लिहिलंस. कधीच अडत नसेल तर आम्ही सगळे दुकान बंद करून घरी जाऊ. आशा अशी की कोट्यवधी वेळा आरपार गेलेला एखादा कण कधीतरी एखाद्या अणुकेंद्रकाला धक्का देईल. तो धक्का टिपायचा.

कॅरम खेळतेस ना? स्ट्रायकर सोंगटीला लागला की सोंगटी सणसणीत जाते. तोच स्ट्रायकर मोहरीला लागला तर बोर्डाला पत्ता लागत नाही, आणि पाट्याला लागला तर पाटा हलत नाही. धक्का पुरेपूर पोचायला दोघांची वजनं जुळती लागतात. कित्येक वर्षं ज्या कणांवर भिस्त होती, विंप म्हणतात त्यांना, त्यांचं वजन प्रोटॉनच्या दहा ते हजार पट धरतात. झेनॉन या वायूचं अणुकेंद्रक साधारण 131 पट. जोडी जमते.

दुसरं कारण, द्रवरूप झेनॉन भलता जड असतो, पाण्याच्या जवळपास तिप्पट. भरीव ॲल्युमिनियमचा तुकडा त्यावर तरंगेल. बाहेरून घुसणारा किरणोत्सर्ग कडेच्या झेनॉनमध्येच अडकतो आणि मधला भाग स्वच्छ राहतो. नारळाचं खोबरं खायचं आणि करवंटी सोडायची, तसं फक्त मधल्या भागातल्या घटना मोजायच्या.

आता एकच यंत्र जवळून बघ. अमेरिकेच्या साउथ डाकोटात लीड नावाचं गाव आहे. स्पेलिंग शिशाचं, उच्चार लीड, आणि अर्थ खनिजाची शीर. त्या गावच्या होमस्टेक खाणीत 1,480 मीटर खाली लक्स-झेप्लिन, तोंडात बसलेलं नाव एलझेड, हा प्रयोग चालतो. टायटॅनियमच्या भांड्यात 10 टन झेनॉन, उणे शंभर अंश सेल्सियसच्या आसपास. त्यातला 7 टन कामाचा. वर आणि खाली मिळून 494 फोटोमल्टिप्लायर नळ्या रोखलेल्या, एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपणारे डोळे.

धक्का बसला की झेनॉनमध्ये लगेच एक बारीक चमक होते. ही पहिली. त्याच धक्क्याने काही इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांना विजेच्या दाबाने वर ओढतात. वरच्या वायूच्या थरात शिरताना ते दुसरी, मोठी चमक पाडतात. टाकी दीड मीटर उंच, तळापासून वर यायला इलेक्ट्रॉनला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजून वीज किती लांब पडली ते आपण सांगतो ना, तसंच दोन चमकांमधल्या वेळावरून खोली कळते, आणि वरच्या कोणत्या नळ्यांनी जास्त उजेड पाहिला त्यावरून जागा. शिवाय दोन चमकांच्या प्रमाणावरून धक्का इलेक्ट्रॉनला बसला की केंद्रकाला, तेही ओळखतात. इलेक्ट्रॉनला बसला तर बहुधा साधा किरणोत्सर्ग.

राहिला न्यूट्रॉन. तो तोतया आहे, तोही केंद्रकालाच धडकतो. पण त्याची खोड अशी की तो एकदा धडकून थांबत नाही, ठेचकाळत जातो. म्हणून टाकीच्या बाहेर गॅडोलिनियम मिसळलेल्या द्रवाच्या टाक्या आणि त्याभोवती पाणी असतं. तिथे न्यूट्रॉन शोषला गेला की चमक होते आणि ती घटना बाद करतात.

एक पदर राहिला. झेनॉन हवेतूनच काढतात, पण हवेत तो एक कोटी भागांत एक भागही नसतो. आणि त्याच्याबरोबर किंचित किरणोत्सर्गी क्रिप्टॉन-85 येतो, जो अणुबाँबच्या चाचण्यांमुळे आणि अणुइंधनाच्या प्रक्रियेमुळे हवेत मिसळलाय. तो काढायला एलझेडचा सगळा झेनॉन आधी कोळशातून गाळून घेतला. माणसाने केलेली घाण अशी कुठे कुठे आडवी येते बघ.

तीस-पस्तीस वर्षं शोधताहेत आणि हाती शून्य. बँकेत असतो तर हे खातं मी केव्हाच बुडीत दाखवलं असतं. स्पष्ट मत द्या.
– निवृत्त बँक अधिकारी, पुणे

स्पष्टच देतो. खातं बुडीत नाही, पण ज्या कर्जदाराच्या भरवशावर ते उघडलं तो फार अडचणीत आहे. नव्वदच्या दशकात लोक ज्या सोप्या विंपची वाट पाहत होते, तो आता बहुतेक गेला. एलझेडने 2024 च्या ऑगस्टमध्ये 280 दिवसांची माहिती मांडली. निष्कर्ष: काही नाही. मात्र या 'काही नाही'ला किंमत आहे. कण धडकण्याची शक्यता अमुक एका मर्यादेच्या वर असती तर आम्हाला दिसलाच असता, असं ते ठामपणे सांगतात, आणि ही मर्यादा दर पिढीत खाली जाते. तारण म्हणाल तर 10 टन झेनॉन, तो नासत नाही.

मला शून्याची भीती वाटत नाही, मला 'सापडलं'ची वाटते. कारण ऐका.

ग्रान सास्सोमध्येच डामा नावाचा प्रयोग झाला, रीटा बर्नाबेई यांच्या गटाचा. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांमध्ये त्यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून वर्षाकाठी चढउतार दिसत आला, जूनच्या सुरुवातीला जास्त, डिसेंबरात कमी. सिद्धांतही असंच सांगतो. सूर्य आपल्याला घेऊन कृष्णद्रव्यातून धावतो. जूनमध्ये पृथ्वीचा वेग त्यात मिळतो, डिसेंबरात वजा होतो. पावसात स्कूटर जोरात हाणली की चेहऱ्यावर थेंब जास्त, तसं. वर्षानुवर्षं त्यांचा आलेख देखणा येत राहिला. मग स्पेनमध्ये अनाइस आणि दक्षिण कोरियात कोसाइन या दोन प्रयोगांनी तसेच स्फटिक लावून बघितलं. चढउतार नाही. तिकडे 2020 मध्ये झेनॉन-वनटी प्रयोगात 232 अपेक्षित असताना 285 घटना मिळाल्या आणि निबंधांची लाट आली. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की झेनॉनमध्ये चिमूटभरही नव्हे, किलोमागे मोजके ट्रिटियमचे, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचे, अणू असले तरी एवढा फरक पडेल. 2022 मध्ये अधिक स्वच्छ यंत्राने बघितलं, वाढावा गायब.

आणि दुसऱ्यांना कशाला हसू? कोलारला आम्ही प्रोटॉन फुटतो का ते बघत होतो, 140 टन लोखंडी नळ्यांच्या रचनेत. ऐंशीच्या सुरुवातीला काही घटना अशा आल्या की फुटला असं वाटलं. आमचा सगळा कॅम्प महिनाभर जमिनीवर नव्हता, म्हणजे एरवीही नसायचा, खालीच असायचा. अमेरिका आणि जपानमधल्या मोठ्या पाण्याच्या टाक्यांनी पाहिलं, तिथे प्रोटॉन काही फुटेना. आजवर फुटलेला नाही.

माझ्या हातची चूकही सांगून टाकतो. नळ्यांच्या एका फळीवर रोज दुपारी त्याच सुमाराला घटनांची झुंबड उडायची. मी वहीत लाल पेनने खुणा करायचो, मनात मांडे. आमचे साहेब वही चाळून म्हणाले, "काय हो, विश्वकिरणांना पण शिफ्ट असते वाटतं?" शोधलं तर केबलच्या जाळीचा एक जॉइंट ड्राय होता, मीच केलेला. शिफ्ट बदलताना जवळचा पंप सुरू व्हायचा आणि त्याचा खरखराट तिथून आत शिरायचा. दोन मिनिटांचं सोल्डरिंग. लाल पेन मी त्यानंतर वापरलं नाही.

म्हणून मला एलझेडवाल्यांची एक रीत फार पटते. ते आपल्याच माहितीत खोट्या घटना मुद्दाम मिसळून ठेवतात. मिसळलेल्या कोणत्या, हे विश्लेषण करणाऱ्याला शेवटपर्यंत सांगत नाहीत. म्हणजे 'सापडलं, सापडलं' म्हणून उड्या मारायची सोयच नाही. त्याला ते मीठ घालणं म्हणतात. गंमत म्हणजे हा शब्द सोन्याच्या खाणींचाच. गिऱ्हाइकाला फसवायला रिकाम्या खाणीत सोन्याची पूड टाकून ठेवायचे, त्याला मीठ घालणं म्हणत. तिथे ठकवायला घालायचे, इथे स्वतः ठकू नये म्हणून घालतात.

आता तुम्हाला खरी अडचण सांगतो, बुडीत खात्यापेक्षा मोठी. यंत्रं इतकी तीक्ष्ण झाली आहेत की सूर्याचे न्यूट्रिनो दिसू लागलेत. 2024 मध्ये इटलीतला झेनॉन-एनटी आणि चीनच्या जिनपिंग प्रयोगशाळेतला पांडाएक्स या प्रयोगांना त्यांची पहिली चाहूल लागली, 2025 च्या डिसेंबरात एलझेडलाही. सूर्यातल्या बोरॉन-8 पासून निघणारे हे न्यूट्रिनो केंद्रकाला असा धक्का देतात की हलक्या विंपने दिलाय असंच वाटावं. आणि न्यूट्रिनोला अडवायला दीड किलोमीटर काय, अख्खी पृथ्वी पुरत नाही. हा खडा निवडून काढता येत नाही.

यात एक योगायोग आहे. एलझेड ज्या दालनात आहे तिथेच साठच्या दशकात रे डेव्हिस या शास्त्रज्ञांनी सहाशे टनांवर ड्रायक्लीनिंगचं द्रव भरून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले होते. मुख्यतः हेच, बोरॉन-8 चे. न्यूट्रिनो त्या द्रवातल्या अणूला लागला की आर्गॉन बनायचा. सरासरी दोन दिवसांत आर्गॉनचा एक अणू, असं वर्षानुवर्षं गोळा करत गेले. अपेक्षेच्या एकतृतीयांशच मिळाले, तेव्हा लोक म्हणाले यांचं काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं, न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होते. 2002 मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी ती खाण बंद पडली. त्यांनी एकेक करून जमवलेला माल आज त्याच दालनात कचरा म्हणून मोजला जातोय.

सोन्याच्या खाणी आपल्याकडेही होत्या. भारतात असा शोध कोणी घेतं का?
– सराफ, जळगाव

कोलारची गोष्ट वर आलीच. एक राहिली. 1975 च्या सुमारास तिथल्या यंत्रांत काही विचित्र घटना नोंदल्या गेल्या होत्या. दोन-तीन रेषा एका बिंदूतून फुटलेल्या, आणि तो बिंदू खडकात नव्हे तर खडक आणि यंत्र यांच्यामधल्या हवेत! पोकळ हवेत कशाला कोण धडकणार? मी गेलो तेव्हा जुनी मंडळी चहाला बसली की हा विषय निघायचाच, आणि वर रॉक बर्स्टने, म्हणजे खाणीतला खडक दाबाने अचानक फुटल्याने, क्वार्टर्समधली भांडी खणखणली की थांबायचा. 2014 मध्ये चेन्नईच्या एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी ते जुने कागद पुन्हा काढले आणि विचारलं, हे कृष्णद्रव्याचे कणच फुटताना दिसले नसतील ना? माझं मत विचाराल तर, वर लाल पेनची गोष्ट सांगितलीय. पण पुन्हा तिथे जाऊन बघायची सोय नाही. नव्वदच्या सुरुवातीला आमचे प्रयोग गुंडाळले, 2001 च्या फेब्रुवारीअखेर खाण बंद झाली, आणि उपसा थांबल्यावर खोल पातळ्यांत पाणी भरलं.

सध्याचा पत्ता झारखंडमधलं जादुगुडा. युरेनियमच्या चालू खाणीत 555 मीटर खाली कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा 2 सप्टेंबर 2017 ला सुरू झाली. युरेनियमच्या खाणीत म्हणजे चोरांच्या आळीत तिजोरी, असं मलाही आधी वाटलं होतं. त्यांची युक्ती वेगळी आहे. टेट्राफ्लुरोइथेन, म्हणजे मोटारीच्या एसीत भरतात तोच गॅस, द्रवाच्या बारीक थेंबांच्या रूपात जेलमध्ये अडकवून ठेवतात आणि उकळबिंदूच्या वर तापमान ठेवूनही त्याला उकळू देत नाहीत. मायक्रोवेव्हमधलं पाणी कधी कधी गप्प असतं आणि चमचा घातल्याबरोबर उसळतं, त्या अवस्थेत. तापमान नेमकं ठेवलं तर गॅमा, बीटा हे किरणोत्सर्गाचे नेहमीचे प्रकार येऊन गेले तरी थेंब ढिम्म. केंद्रकाला दणका बसला तरच त्याचा फटकन बुडबुडा होतो, आणि तो आवाज सेन्सर ऐकतो.

555 मीटर म्हणजे कोलारच्या मानाने उथळच, म्युऑन तिथे बरेच पोचतात. पण टेबल आहे, वीज आहे, खाली जायला लिफ्ट आहे आणि पोरं उतरताहेत. न्यूट्रिनोवरचे तीन प्रश्न आणि केळ्यावर कोणी आक्षेप घेतलाच तर तो, पुढच्या महिन्यात.